दुखणं थांबल्यावर

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की नागपुरात आमच्या कॅज्युअल्टीत मुतखड्याचे रुग्ण वाढतात. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला, दुपारी रस्त्यावर दुपट्टा गुंडाळलेली तुरळक डोकी, घराघरात कूलरची घरघर. आणि रात्री अकरा-बाराच्या पुढे कुणीतरी कुशीला हात दाबून धरत आत येतं. त्याला खुर्चीत बसवत नाही, पलंगावर पडवत नाही. अपेंडिक्सचा रुग्ण हालचाल टाळून निपचित पडतो, खड्याचा रुग्ण एका जागी टिकतच नाही. उठतो, वाकतो, भिंतीला डोकं टेकतो, पुन्हा आडवा होतो. कळ कुशीतून निघून जांघेत उतरते, सोबत उलटी आणि घाम. निदान बऱ्याचदा दारातच झालेलं असतं.

घरच्यांचा जीव घाबराघुबरा होतो, आणि ते साहजिक आहे. पण ताप नसेल, दोन्ही किडन्या शाबूत असतील, तर मला या माणसाची फारशी धास्ती वाटत नाही. वेदनाशामक इंजेक्शन दिलं की बहुतेकांना अर्ध्या तासात उतार पडतो आणि सकाळी सोनोग्राफी होते. दुखण्याने त्याला वेळेवर दवाखान्यात आणलं, एवढं मोठं काम त्या कळेने केलेलं असतं. झोप उडवतात ते दुसरे रुग्ण. हातातल्या पिशवीत जुने कागद घेऊन शांतपणे बाकावर बसलेले, आणि विचारलं की हसून सांगणारे, "आता दुखून नाई रायलं जी."

आपल्याकडे आजार दुखण्यावर मोजतात. दुखलं की डॉक्टर, थांबलं की काम. शेतीवर आणि रोजीवर जगणाऱ्या माणसाला दुसरा हिशोब परवडतही नाही, म्हणून त्यात मी कुणाला बोल लावत नाही. पण मूत्रमार्गाच्या आजारांत हा हिशोब इतक्यांदा दगा देतो की त्याबद्दल एकदा नीट लिहावंसं वाटलं. पुढे येणाऱ्या माणसांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

खडा टोचतो म्हणून दुखतं असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. किडनीपासून मूत्राशयापर्यंत येणारी नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. खडा तिच्यात अडकला तरी वरची किडनी लघवी बनवतच राहते. वाट बंद, म्हणून दाब वाढतो, किडनीचं आवरण ताणलं जातं आणि कळ उठते. आता हा अडथळा तसाच राहिला तर काय होतं? त्या किडनीचा रक्तपुरवठा हळूहळू कमी होतो, ती लघवी कमी बनवते, दाब उतरतो आणि दुखणं थांबतं. रुग्णाच्या लेखी तो बरा झाला. आतमध्ये मात्र किडनी काम सोडत चाललेली असते. वाट पूर्ण बंद असेल तर दोन आठवड्यांनंतर तिचं काही नुकसान कायमचं होऊ लागतं आणि पुढचा प्रत्येक आठवडा महाग पडतो.

काटोलकडचे एक संत्राबागायतदार आले होते. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधीच्या तपासणीत सोनोग्राफीवाल्यांना उजवी किडनी विचित्र दिसली. सीटी स्कॅनमध्ये ती पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी होती, कडेला कागदाएवढा पातळ थर उरलेला, आणि खाली नळीत सव्वा सेंटिमीटरचा खडा. डीटीपीए स्कॅन करून प्रत्येक किडनी किती काम करते ते मोजता येतं. उजवीचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आला. मी विचारत गेलो, तसं त्यांना आठवत गेलं. दोनेक वर्षांपूर्वी मृग बहाराची तोडणी सुरू असताना उजव्या कुशीत भयंकर दुखलं होतं. गावातच इंजेक्शन घेतलं, कुणीतरी दिलेला काढा प्यायले, चार-पाच दिवसांत आराम पडला. व्यापारी बागेत बसलेला, मजूर लावलेले, नागपूरला यायला सवड कुठून काढणार? पुढे दुखलंच नाही, तेव्हा खडा विरघळला असं धरून चालले.

"मले तं काईच होत नव्हतं डॉक्टरसाहेब," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. ती किडनी काढावी लागली. डावी उत्तम आहे, तिच्यावर त्यांचं आयुष्य व्यवस्थित जाईल. तरी त्या काढलेल्या किडनीकडे पाहताना मला राहून राहून वाटत होतं की ती कळ आणखी थोडे दिवस टिकायला हवी होती.

म्हणून खड्याच्या प्रत्येक रुग्णाला मी एक गोष्ट घरच्यांसमोर सांगतो. दुखणं थांबण्याचे दोन अर्थ असू शकतात. खडा पडला, किंवा किडनी थकली. बाहेरून दोन्ही सारखेच वाटतात, फरक तपासणीतच कळतो. तेव्हा दुखो न दुखो, सांगितलेल्या तारखेला यायचं. लघवी गाळणीतून करायची आणि खडा सापडला तर डबीत घालून आणायचा, म्हणजे तो कशाचा बनला आहे तेही तपासता येतं.

कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, बिअर, यांच्याबद्दल ओपीडीत रोज विचारणा होते. ५ मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात, तेव्हा त्या आठवड्यात जे पोटात गेलं त्याला श्रेय मिळतं. कुळीथ हे चांगलं कडधान्य आहे, कढण प्यायलात तर माझी काही हरकत नाही. बिअरला मात्र मी स्पष्ट नाही म्हणतो. तिने युरिक ॲसिड वाढतं, आणि युरिक ॲसिडचे खडे होणाऱ्याला तर ती घातकच. गंमत अशी की औषधाने खरोखर विरघळणारे खडे मुख्यतः याच युरिक ॲसिडचे. लघवीतली आम्लता कमी करणारं औषध नियमाने घेतलं तर ते विरतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे, जे सर्वांत जास्त आढळतात, कशानेही विरत नाहीत.

खडा पुन्हा होऊ नये यासाठी मात्र माणसाच्या हातात बरंच आहे, आणि ते स्वस्तही आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांचे दोन गट केले. एका गटाला भरपूर पाणी प्यायला लावलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांत पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात १०० पैकी २७ जणांना. महिन्याला हजारो रुपयांची चूर्णं घेणाऱ्या माणसाला हे आकडे मी कागदावर लिहून देतो.

किती पाणी, हा प्रश्न नागपुरात वेगळा आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. एसीत बसणाऱ्याला त्यासाठी तीन लिटर पाणी पुरेल. कोराडी-खापरखेड्याला बॉयलरजवळ काम करणारा, वीटभट्टीवरची बाई, उमरेडच्या खाणीतला कामगार, यांचं तीन लिटर तर घामातच जातं. म्हणून मी ग्लास मोजायला सांगत नाही, लघवीचा रंग बघायला सांगतो. ती दिवसभर फिकट राहिली पाहिजे. पिवळीजर्द दिसली की माठाकडे जा. झोपताना एक ग्लास, रात्री उठलात तर पुन्हा अर्धा.

दूध-दही बंद करण्याचा सल्ला अजूनही कुठून कुठून मिळून लोक येतात, आणि तो उलटा आहे. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते बंद केलं की ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि लघवीत उतरून त्याचेच खडे जमतात. कमी करायचं ते मीठ, लोणचं-पापड, आणि आठवड्यातून चार-चारदा सावजीवर ताव मारणंही. आपल्या संत्र्याबद्दल सांगताना मला फार बरं वाटतं. त्याच्या रसाने लघवीतलं सायट्रेट वाढतं आणि सायट्रेट खडा जमू देत नाही. मधुमेह असेल त्याने रस जपून घ्यावा. ऐन मे महिन्यात संत्री संपलेली असतात, तेव्हा बिनसाखरेचं लिंबूपाणी घ्यावं.

खडा मोठा असेल तर ऑपरेशनला पर्याय उरत नाही. मुतखड्यासाठी शस्त्र उचलायला माणूस पूर्वीपासून कचरत आला आहे. हिपोक्रेटसच्या शपथेत तर खड्यासाठी चिरफाड करणार नाही असं वैद्याकडून वदवून घेतलं आहे. सुश्रुताने मूत्राशयातला खडा काढण्याची शस्त्रक्रिया तपशीलवार लिहिली, पण आधी राजाची परवानगी घ्यायला सांगितली. न करावं तर मरण निश्चित, करावं तर संशय, असं त्याचं म्हणणं. आजच्या संमतीपत्रावर सही घेताना मला ते नेहमी आठवतं. अगदी अलीकडेपर्यंत किडनीच्या खड्यासाठी कुशीत वीतभर चिरा द्यावा लागे. तो व्रण दाखवणारे म्हातारे अजूनही येतात. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी पाठीतून बारीक छिद्र करून खडा काढला आणि आमचं सगळं शास्त्र बदललं.

त्या ऑपरेशनमधला एक क्षण मला आजही पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. रुग्ण पालथा झोपवलेला असतो. अंगावर शिशाचा जड एप्रन, समोर सी-आर्म या एक्स-रे यंत्राचा पडदा. किडनी श्वासागणिक वरखाली होत असते, म्हणून भूलतज्ज्ञांना म्हणायचं, श्वास थांबवा. तेवढ्या वेळात सुई बरगडीखालून नेमक्या कप्प्यात न्यायची. मग सुईतली आतली तार काढायची आणि वाट बघायची. लघवीचा स्वच्छ थेंब आला की जागा बरोबर मिळाली. मग मार्ग रुंद करायचा, दुर्बीण आत घालायची, खडा फोडून तुकडे बाहेर काढायचे. हे सगळं नंतरचं. पण कधी कधी त्या सुईतून गढूळ, घट्ट थेंब येतो. पू. रुग्णाला आदल्या दिवशी तापही नव्हता, दुखणंही फारसं नव्हतं. अशा वेळी पुढे जायचं नसतं. खडा फोडायला दाबाने पाणी सोडलं तर तोच पू रक्तात जातो आणि माणूस काही तासांत अत्यवस्थ होऊ शकतो. एक नळी ठेवायची, पू वाहू द्यायचा, आणि टेबलावरून खाली उतरवायचं.

मग बाहेर जाऊन सांगायचं. "म्हणजे खडा काढलाच नाही?" हा प्रश्न येतोच, आणि तो विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे. त्यांनी गाय विकून पैसे उभे केलेले असतात, गाडी करून आणलेलं असतं. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसतो, पूने भरलेली पिशवी दाखवतो आणि आज थांबलो म्हणजे काय टळलं ते समजावतो. या संवादाला ऑपरेशनइतका वेळ लागला तरी चालेल, असं मी रेसिडेंट मुलांनाही सांगतो. थांबता येणं हे सर्जनचं मोठं कौशल्य आहे, आणि ते लोकांपर्यंत पोचवणं त्याहून अवघड.

आमच्याकडे बिनदुखण्याचा आणखी एक धोका आम्हीच रुग्णाच्या शरीरात ठेवतो. डीजे स्टेंट. दोन्ही टोकांना वळलेली मऊ, बारीक नळी, किडनीतून मूत्राशयात. ऑपरेशननंतर लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून काही आठवडे ती लागते आणि मग काढावीच लागते. पहिले काही दिवस जळजळ होते, सारखं लघवीला जावंसं वाटतं. मग शरीराला सवय होते आणि माणूस विसरतो. गडचिरोलीकडचा एक मजूर असाच मिरची तोडायला तेलंगणात गेला, मोबाइल नंबर बदलला, आणि काही वर्षांनी लघवीतून कण पडू लागले म्हणून आला. एक्स-रेमध्ये स्टेंटच्या दोन्ही टोकांवर खडे जमलेले स्पष्ट दिसत होते. आधी मूत्राशयातलं टोक मोकळं करायचं, मग नळीतला भाग, मग पाठीतून वरचं. दहा मिनिटांच्या कामाची तीन ऑपरेशनं झाली. आधी ज्यांनी स्टेंट घातला, त्यांचं डिस्चार्ज कार्ड त्याने प्लास्टिकमध्ये जपून ठेवलं होतं. त्यावर सगळं लिहिलेलं होतं, इंग्रजीत.

आता आमच्या वॉर्डात स्टेंटची वेगळी नोंदवही आहे. रुग्णाचा नंबर, शेजाऱ्याचा नंबर, जमल्यास गावच्या आशाताईंचा. कार्डावर मराठीत, लाल शाईने, 'पोटात नळी आहे, अमुक तारखेच्या आत काढायची'. आणि घरी सोडताना त्याचाच एक्स-रे त्याच्या मोबाइलमध्ये फोटो काढून द्यायचा. डोळ्यांनी पाहिलेली नळी माणूस सहसा विसरत नाही. ज्यांनी ही वही नेटाने चालवली त्या सिस्टरांचे उपकार कुठल्याही ऑपरेशनच्या यादीत दिसणार नाहीत.

लघवीत रक्त आणि दुखणं अजिबात नाही, हे मी ऐकलं की हातातलं पेन खाली ठेवतो. भंडारा-गोंदिया हा बिडीचा पट्टा. तिथून येणारे साठीतले गृहस्थ सांगतात, एकदाच लाल लघवी झाली होती, दोन दिवसांत साफ झाली, मग पाच-सहा महिने काही नाही. मूत्राशयाचा कर्करोग असाच वागतो. रक्त येतं, थांबतं, माणूस निर्धास्त होतो. बिडी-सिगारेट हे त्याचं सर्वांत मोठं कारण. धुरातली विषं रक्तातून किडनीत आणि तिथून लघवीत उतरतात, आणि लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठून राहते. लवकर सापडला तर दुर्बिणीतून गाठ खरवडून काढता येते, आणि लहान मुलांच्या दंडावर टोचतात तीच बीसीजी मूत्राशयात सोडून तो परतण्याचा धोका कमी करता येतो. हा उपचार १९७६ सालापासून माहीत आहे. उशीर झाला तर मूत्राशयच काढावं लागतं. एकदाच झालेली लाल लघवी म्हणूनच मला पुरेशी आहे. तरुण पोराच्या बाबतीत आपल्या विदर्भात आणखी एक तपासणी मी सांगतो, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. त्यातही न दुखता रक्त जाऊ शकतं.

एक आजोबा मुलासोबत आले होते, पायांवर सूज, जेवण तुटलेलं, मळमळ. किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन, एरवी एकच्या आसपास असणारं, आठच्या वर. डायलिसिस लागेल असं सांगून त्यांना पाठवलं होतं. लघवीचं विचारलं तर म्हणाले, "होते ना जी. रातभर होऊन रायली." मुलाने खाली मान घालून सांगितलं की बाबांचं अंथरूण रोज ओलं होतं, वयामुळे असेल म्हणून घरात कुणी बोलत नाही. मी पोटावर हात ठेवला, बोटांनी वाजवून पाहिलं. बेंबीपर्यंत ठोस आवाज. मूत्राशय भरून तिथवर आलं होतं आणि जे अंथरुणात जात होतं ते नुसतं ओसंडून जाणारं. चारशे-पाचशे मिलिलिटरला एरवी जागेवर उठवणारी पिशवी इतकी ताणली गेली होती की तिने दुखणंच सोडून दिलं होतं. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेलं प्रोस्टेट, पुरुषांमधली एक ग्रंथी, वर्षानुवर्षं वाढत गेलं की हे असं होतं, आणि मागचा दाब दोन्ही किडन्यांवर येतो.

नळी टाकली. दीड लिटरहून जास्त लघवी निघाली. खरं काम रात्री सुरू झालं. अडथळा निघाला की अशा किडन्या बेफाम लघवी करू लागतात, पाणी आणि क्षार दोन्ही वाहून जातात, आणि लक्ष नसेल तर बरा होत आलेला माणूस त्यातच खचतो. मुलाला शाळेची एक वही दिली. दर तासाला पिशवीतलं मोजून लिहायचं, आम्ही त्या हिशोबाने सलाइन द्यायचं. रात्रभर त्याने एकही रकाना चुकवला नाही. सकाळच्या राउंडला आजोबांनी चहा मागितला. आठवडाभरात क्रिएटिनिन दोनवर आलं, डायलिसिस लागलंच नाही, प्रोस्टेटचं ऑपरेशन पुढे सवडीने केलं. वयावर ढकलल्या गेलेल्या ओल्या अंथरुणामागे अशा किती किडन्या वाचवण्यासारख्या असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. साठीच्या पुढच्या वडिलांना, आजोबांना घरातल्या कुणीतरी विचारायला हवं, रात्री किती वेळा उठता, धार बारीक झाली का, अंथरूण ओलं होतं का. ते आपणहून सांगणार नाहीत.

बायका तर त्याहून कमी सांगतात. खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की लघवी गळते, हे सांगायला एकेकीला दहा-दहा वर्षं लागतात. दुखत नाही, जीवाला धोका नाही, म्हणून घरात ते कुणाच्या यादीतच नसतं. पण तेवढ्याने एक बाई भजनी मंडळात जायची थांबते, दुसरी लग्नाला गेली तर मंगल कार्यालयात मागच्या खुर्चीवर दाराजवळ बसते, तिसरी पाणीच पीत नाही आणि वारंवार उन्हाळी लागते म्हणून येते. गावाकडच्या शिक्षिका सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळी परत येईपर्यंत लघवीला जात नाहीत, कारण शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नाही किंवा पाणी नाही. माझ्या औषधांपेक्षा तिथल्या नळाचा उपयोग जास्त होईल, आणि हे मी गावच्या सरपंचांना भेटलो की बोलतो.

म्हणून आता चाळिशीपुढची कुणीही बाई कुठल्याही तक्रारीसाठी आली, तरी मी किंवा आमची सिस्टर तिला गळण्याबद्दल विचारतेच. मुलाला, नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसवून. ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवायला दहा मिनिटं लागतात. तो तीन महिने रोज, नेमाने केला तर अनेकींना ऑपरेशन लागत नाही, आणि लागलं तर तेही छोटं, लघवीच्या वाटेला आधार देणारी पट्टी बसवण्याचं असतं. हिंगण्याकडच्या एका काकू किडनीचा खडा दाखवायला आल्या होत्या, त्यांना असाच व्यायाम शिकवून पाठवलं. तीन महिन्यांनी तारखेला बरोबर हजर झाल्या. खड्याची सोनोग्राफी साफ होती, व्यायामाचाही गुण आला होता. सोबत नणंदेला आणलं होतं. ती दाराशीच उभी होती.

"हिचंबी तसंच आहे जी," काकू म्हणाल्या, "पण हे सांगत नाई. तुम्ही विचारा."